पहिली दहा सेकंदे

मुलगी पाहायला गेलेली मंडळी जिना उतरता उतरता निकाल देऊन मोकळी होतात. मुलाखती घेणारे माझ्यासारखे लोक तेवढाही वेळ घेत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीत हिशेबनिसाच्या जागेसाठी उमेदवार पारखण्याचे काम आम्हा तिघांकडे होते. लेखी परीक्षेत पहिला आलेला मुलगा आत आला. नमस्कार केला तो टेबलाला. उत्तरे पंख्याकडे पाहून, पाढे म्हटल्यासारखी एका सुरात. ‘आमच्याकडेच का यावेसे वाटले?’ ‘जाहिरात आली होती म्हणून.’ उठताना त्याने प्रश्नपत्रिकेतल्या सातव्या गणितातली चूक दाखवली. चूक खरोखरच होती! चहा येण्यापूर्वी त्याच्या नावावर फुली पडली. ‘शिष्ट वाटतो’ हा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

मुलगा स्वमग्न आहे, हे पुढे त्याच्या मावशींकडून कळले. ज्याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात, ती स्वमग्नता.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतील नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वमग्न आणि इतर माणसांच्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले. स्वमग्न कोण, हे सांगितले नव्हते. तरी स्वमग्नांविषयीचे मत तेवढ्यात प्रतिकूल झाले; त्यांच्याशी बोलायला, शेजारी बसायला लोक कमी राजी. नुसता आवाज ऐकवला तरी तेच, नुसते छायाचित्र दाखवले तरी तेच. पण गंमत पाहा, तेच बोलणे कागदावर उतरवून वाचायला दिले, तेव्हा फरक उरला नाही. खोट सांगण्यात नव्हती. सूर, नजर, हातवारे यांवर आपण माणूस तोलत होतो. आमचा उमेदवार लेखीत पहिला आणि तोंडीत शेवटचा का, हे मला तेव्हा उमगले.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी (ते स्वतः स्वमग्न आहेत) २०१२ सालीच म्हटले होते की, हे न समजणे दुतर्फी आहे. त्याला आम्ही कळलो नाही, तसा आम्हालाही तो कळला नाही. फरक इतकाच की फुली मारायची लेखणी आमच्या हातात होती.

परवा मंडईत त्या मावशी भेटल्या. मुलगा एका सी.ए.कडे लागला आहे. ‘तिथे मुलाखत कशी झाली?’ मी चाचरत विचारले. ‘झालीच नाही. त्यांनी आठ दिवस वह्या तपासायला दिल्या.’

त्याला फराळाला बोलावले आहे. सौभाग्यवतींना आधीच सांगून ठेवले आहे : चकली मऊ पडली असेल, तर तो तसे सांगेल.