तळ्यातला मासा घरात आला तर

नेरूळच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. लिहितात, "आमच्या ह्यांना सध्या गळाचं वेड लागलंय. आठवडाभर शिफ्ट, हाती काय तो एक रविवार. तोही सकाळीच गळ, तंगूस आणि कणकेचे गोळे घेऊन तळ्याकाठी जातो. सातवीतला मुलगा सोबत. दुपारी दोन-चार मासे घरी येतात. सासूबाई म्हणतात, त्या गढूळ पाण्यातला मासा माझ्या ओट्यावर नको. मुलगा म्हणतो, मी पकडलाय, मग खायचा का नाही? मी कुणाची बाजू घेऊ?"

बाई, आधी पाणी कुठलं ते विचारा. आपल्या नवी मुंबईत तळी दोन जातीची. एक गावातली जुनी तळी. सिडको 1970 साली आली, त्याच्या कितीतरी आधीपासून आगरी-कोळी गावांनी राखलेली. दुसरे धारण तलाव, ज्यांना आपण होल्डिंग पाँड म्हणतो. हे शहर खाडीच्या भरतीच्या पातळीला खेटून वसवलंय, काही भाग तर त्याहून खाली. भर पावसात भरती असली की पाण्याने जायचं कुठे? म्हणून डच लोकांच्या धर्तीवर हे तलाव केले. भरतीला खाडीकडची झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. वाशीचा मिनी सी-शोर, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, जिथे आपण संध्याकाळी फिरायला जातो, ते मुळात असेच धारण तलाव. म्हणजे आजूबाजूच्या रस्त्यांचं आणि नाल्यांचं पाणी तिथेच येणार. वर खाडीचं येईल ते वेगळं, आणि आपली खाडी ठाणे-बेलापूर कारखान्यांच्या पट्ट्याला लागून आहे.

धारण तलावाच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची. मासा ताजा आहे, तडफडत घरी आलाय, हे खरं. पण ताजा म्हणजे स्वच्छ नव्हे. हळद-मीठ लावलं, कोकमाचं आगळ घातलं की वास जातो. खळखळून शिजवलं की जंतू मरतात. पण कारखान्याच्या पाण्यातून शिसं, पारा असलं काही माशाच्या अंगात गेलं असेल, तर ते ना धुऊन जात, ना तळून. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात तर तो मासा नकोच.

गावातल्या तळ्याची गोष्ट वेगळी. तिथे विचारायचं ते असं, की मासा कुणाचा? तळ्यातले कटला, रोहू, मृगल आपोआप येत नाहीत. हे मूळचे नद्यांचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला की अंडी घालणारे. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, गलेलठ्ठ होतात, पण पिल्लं होत नाहीत. 1957 साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावलं, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. म्हणून 10 जुलैला आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन पाळतात. या धंद्यातले शब्द मला फार आवडतात, अगदी स्वयंपाकघरातले. नुकतं जन्मलेलं पिल्लू म्हणजे 'जिरे', बोटाएवढं झालं की 'बोटुकली'. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. एका घरात तीन जावा आणि तिघींच्या चुली वेगळ्या, तसं.

तेव्हा तळ्यातली बोटुकली कुणीतरी पैसे मोजून सोडलेली असते. पुष्कळ ठिकाणी तळं मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेलं असतं. काठावर पाटी नसली म्हणून मासे बेवारशी होत नाहीत. गावात विचारावं. 'चालेल' म्हणाले तर बसावं, नाही म्हणाले तर उठावं.

आपल्या रायगडकडचा जिताडा घ्या. पेण-अलिबागकडे पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं धरून आणतात आणि घराजवळच्या तळ्यात सोडतात. वर्ष-दोन वर्षं वाट पाहायची, मग पाहुण्यासाठी काढायचा. ते पाणी रोजच्या डोळ्यांसमोरचं, त्यात काय पडतं ते घरच्या बाईला ठाऊक. (जाता जाता सांगते, जिताडा आधी नर असतो आणि चांगला मोठा झाला की मादी होतो. आमच्या घरी हे कुणालाच पटलं नव्हतं.)

तुमच्या यजमानांच्या गळाला बहुधा चिलापी लागत असणार. ही मात्र कुणी दरवर्षी सोडावी लागत नाही. 1952 साली आफ्रिकेतली ही जात भारतात आणली, ती कुठल्याही पाण्यात जगते. आई अंडी तोंडात धरून ठेवते, पिल्लं निघाली तरी धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. तेवढे दिवस तिला धड खाताही येत नाही. मुलाला हे जरूर सांगा.

माझी नणंद अमेरिकेत टेक्ससला असते. तिथे शहरातल्या बागेतल्या तळ्यांत सरकारी खातं हिवाळ्यात ट्राउट नावाचा मासा सोडतं. थंड पाण्याचा मासा तो, तिथल्या उन्हाळ्यात तगत नाही. तेव्हा लोकांनी परवाना काढून, ठरलेल्या संख्येइतके पकडून खावेत म्हणूनच सोडतात. आपल्याकडे ट्राउट काश्मीर, हिमाचल, निलगिरी नि मुन्नारच्या थंड पाण्यात. नवी मुंबईच्या उकाड्यात त्याचं नाव नको. पण परवान्याची, हिशेबाची रीत घेण्याजोगी आहे. हौसेने गळ टाकणाऱ्यांची आपल्याकडे जुनी संस्था आहे ती पवईला, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. मात्र पवई तलावात मगरी आहेत, तेव्हा मुलाला घेऊन कुठेही काठावर बसू नये.

आता घरातला प्रश्न. आठवड्यातून एकदा बाप-लेक चार तास एकत्र बसतात, मुलगा वडिलांकडून काही शिकतो, ते मोडू नका. मासा मात्र परत पाण्यात सोडू द्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला की मासा सहज सुटतो, आणि मुलाच्या बोटात घुसलाच तर तोही. उलटा काटा तसाच असेल तर ओढायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारायचं. मासा धरताना हात ओले असावेत, कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळ निघते आणि सोडलेला मासा मग रोगाने मरतो. तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही. त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात, आणि आपल्या नेरूळला रोहित पक्षी येतात हे मुलाला माहीतच असेल. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकट्याने जाऊ देऊ नका. मुलाला एक वही करून द्या: तारीख, मासा, वीतभर की बोटभर. घरी मासा आणला नाही तरी दाखवायला काहीतरी राहतं.

आपल्याही हातून तळ्याला त्रास होतो, तो कमी करता येईल. पुण्य लागावं म्हणून पाव नि कणकेचे गोळे टाकतो, गणपतीत निर्माल्य सोडतो. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमिट करताना दिसले की समजावं, श्वास कोंडलाय. निर्माल्य कलशात टाकावं, तळ्यात नाही.

आणि मुलाला गोड्या पाण्यातला मासा खायचाच असेल तर बाजारातून रोहू आणा. पुष्कळदा तो आंध्रातल्या तळ्यांतून बर्फात घालून आलेला असतो, तेव्हा कल्ले लाल आणि डोळे पाणीदार बघून घ्या. खाऱ्या पाण्याच्या मासळीची सवय असलेल्यांना त्याला चिखलाचा वास येतो. पोटातला काळसर पापुद्रा असेल तर खरवडून काढा, तुकड्यांना मीठ आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा, मग धुऊन निथळा. आलं-लसूण जरा सढळ हाताने घाला, आणि रस्सा घट्ट ठेवा. काटे बारीक असतात, मुलांना पाठीचा तुकडा नको, पोटाचा वाढा.