पाटे वाढले, भार कोठे गेला?

सातारा जिल्ह्यातील एका बाजारपेठेत गुळाची जुनी पेढी आहे. पेढीने बँकेचे कर्ज काढून मालवाहतुकीसाठी एक पिकअप वाहन घेतले. हंगामात आठवड्यातून तीन-चार खेपा पुण्याच्या मार्केट यार्डात होत. ठरलेल्या भारापेक्षा पाच-सहा क्विंटल गूळ अधिक चढवला की महिन्याकाठी दोन-तीन खेपा वाचत. मात्र गाडी मागून खाली बसे. त्यावर उपाय म्हणून महामार्गालगतच्या पाटेवाल्याकडून मागील दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे बसवून घेण्यात आले. अर्ध्या दिवसाचे काम झाले. दुसऱ्या दिवशी तितकाच माल भरूनही गाडी ताठ उभी राहिली. ‘गाडी आता बसत नाही’, या एका वाक्याने साऱ्यांच्या शंका मिटल्या.

दीड वर्षानंतर टायर बदलताना कारागिराला चासीच्या उजव्या तुळईवर, पाट्याचे टोक जेथे अडकवलेले असते त्या हँगरजवळ, बोटभर लांबीची तांबूस रेघ दिसली. कापडाने पुसूनही ती गेली नाही. पोलाद तडकले होते आणि तड्यात गंज धरला होता.

पाटे मजबूत केले, तर चासी कशी तडकली? हा प्रश्न त्या पेढीपुरता नाही. ज्या ज्या दुकानाच्या दारात स्वतःचा टेम्पो उभा आहे, त्या प्रत्येक घराने तो स्वतःला विचारावा असा आहे.

पाट्यांचे काम वाहन उचलून धरण्याचे आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पाट्यांचे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे काम वाकण्याचे आहे. चाक खड्ड्यात आदळते तेव्हा पाटा वाकतो, तो धक्का स्वतःत साठवतो आणि सावकाश सोडतो. पाटा जितका ताठ, तितका तो कमी वाकतो. आणि तो जो धक्का पचवत नाही, तो हँगरवाटे थेट चासीत उतरतो. सारख्याच लांबीच्या चार पाट्यांच्या जुडग्यात तशाच दोन पाट्यांची भर घातली, तर ढोबळ मानाने ताठरपणा दीडपट होतो. पाट्याची जाडी वाढवली, तर परिणाम याहूनही तीव्र होतो, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचा पाटा घातला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. डोळ्यांना दिसणारा फरक मात्र दोन मिलिमीटरांचाच असतो.

मालवाहू वाहनाची चासी शिडीसारखी असते. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दुवे. निर्माता ही शिडी, आस, बेअरिंग, चाके, टायर, ब्रेक आणि पाटे यांचा एकत्रित हिशेब करून वाहनाची भारक्षमता ठरवतो. पाटेवाला या साखळीतील केवळ एक कडी जाड करतो. उरलेल्या कड्या होत्या तेवढ्याच राहतात. शिवाय रस्ता कोठेही सपाट नसतो. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे खळग्यात असते, तेव्हा मऊ पाटे आपापल्या बाजूला वाकून चासीला सरळ राहू देतात. ताठ पाटे वाकत नाहीत. म्हणून शिडीच पिळली जाते.

अशा पिळण्याने तुळई एका दिवसात मोडत नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पोलादाचा हा थकवा प्रथम रिव्हेटच्या छिद्राशी, वेल्डिंगच्या टोकाशी किंवा हँगरच्या कोपऱ्याशी प्रकट होतो, कारण ताण तेथेच एकवटतो. विशेष म्हणजे परतीची रिकामी खेपही निरुपद्रवी नसते. वर भार नसताना ताठ पाटे जवळपास वाकतच नाहीत. गाडी उसळत, आदळत येते आणि प्रत्येक आदळणे चासीच्या खाती जमा होत राहते.

व्यापाऱ्याच्या हिशेबात मालवाहू वाहनावर घसारा धरला जातो. स्वतःच्या व्यवसायातील वाहनाला आयकर नियमांनुसार १५ टक्के आणि भाड्याने चालणाऱ्याला ३० टक्के. हा घसारा दरवर्षी ताळेबंदात दिसतो. चासीचा घसारा मात्र कोणत्याही खातेवहीत दिसत नाही. तो एकदम, एका रेघेच्या रूपाने, समोर येतो.

गुळाच्या त्या पेढीवर ही रेघ दिसल्यावर प्रथम जे घडले, तेच बहुतेक ठिकाणी घडते. तड्यावर वेल्डिंग करून, वर काळा रंग देऊन गाडी पुन्हा जुंपण्यात आली. पाटे तसेच राहिले, मालही तितकाच राहिला. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात. कारण न हटवता केलेली डागडुजी तड्याला केवळ नवी जागा दाखवते. चौथ्या महिन्यात जोडाच्या शेजारीच दुसरी रेघ उमटली.

या वेळी पेढीचा चालक मालकांसमोर येऊन उभा राहिला. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याने कधी आवाज चढवला नव्हता. “शेठजी, माल कुठेही न्यायला सांगा, नेईन. पण ही गाडी आता नको. भरलेली असते तेव्हा उतारावर मागचे ब्रेक पूर्वीसारखे धरत नाहीत. मी दोनदा सांगितले होते. घरी लहान मुले आहेत माझी.”

त्याने दोनदा सांगितले होते, हे खरे होते. दोन्ही वेळा तो कामचुकारपणा समजला गेला होता.

चालकाचा अनुभव अगदी शास्त्रशुद्ध होता. अनेक पिकअप वाहनांत मागील ब्रेकचा जोर भारानुसार कमी-अधिक करणारी एक झडप असते. आस आणि चासी यांमधील अंतर किती घटले, यावरून ती भार ओळखते. जादा पाट्यांमुळे गाडी खाली बसतच नाही. म्हणून भरलेली गाडीही त्या झडपेला अर्धी रिकामी वाटते आणि ती मागील चाकांना ब्रेकचा जोर कमी पोहोचवते. ज्या ताठ उभ्या राहण्याचे पेढीवर कौतुक झाले, त्यानेच ब्रेकची दिशाभूल केली होती.

त्या संध्याकाळी पेढीवर वडील आणि मुलगा यांच्यात बराच काळ बोलणे झाले. वडिलांचे म्हणणे होते की सारा बाजार असेच करतो आणि एका पेढीने भार कमी केला, तर स्पर्धेत ती मागे पडेल. मुलाने वाद घातला नाही. त्याने कागद पुढे ओढून दोन रकाने केले. एका बाजूला वाचलेल्या खेपांचे डिझेल. दुसऱ्या बाजूला दोन वेळचे वेल्डिंग, अवेळी झिजलेले टायर, बेअरिंग आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांचे भाडे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे, ही नोंद त्याने तळाशी केली. त्याच कायद्याचे कलम ५२ वाहनात मनाजोगे फेरफार करण्यास मनाई करते. विमा कंपनी अशा फेरफारावर बोट ठेवून दावा अडवू शकते आणि बँकेचे कर्ज मात्र फेडावेच लागते. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा भरला. चालकाच्या मुलांसाठी कोणता आकडा मांडावा, हे त्याला समजेना. ती ओळ त्याने कोरी ठेवली.

वडिलांची नजर त्या कोऱ्या ओळीवर बराच वेळ खिळून राहिली.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार श्रावकाला परिचित आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांची गणना आहे आणि प्रतिक्रमणात ‘अइभारे’ हा शब्द उच्चारून श्रावक त्याची आलोचना करतो. पूर्वी या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर बैल येई. आज बैलाची जागा यंत्राने घेतली आहे आणि यंत्राला वेदना नाही, म्हणून हा अतिचार कालबाह्य झाला असे कोणास वाटेल. परंतु त्या यंत्रात चालक बसलेला असतो, मागे हमाल बसतो, पुढे रस्त्यावर अनोळखी दुचाकीस्वार चाललेला असतो. बैल निदान मान टाकून सांगत असे, की ओझे झेपत नाही. यंत्र खाली बसून तेच सांगते. खाली बसणे हा गाडीचा दोष नाही. ती सूचना आहे. पाटे वाढवून भार कमी होत नाही, केवळ ती सूचना बंद होते.

हाच विचार घरच्या मोटारीलाही लागू पडतो. पालिताणा किंवा कुंभोजच्या यात्रेला सात-आठ माणसे आणि सामान घेऊन निघताना गाडी बसू नये, म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी ठोकळे बसवून घेण्याची प्रथा पसरली आहे. ठोकळ्यामुळे वेढे आखडतात आणि स्प्रिंग ताठ होते. मोटारीला बहुधा वेगळी चासी नसते. पत्र्याची संपूर्ण पेटीच भार वाहते. त्यामुळे धक्का स्प्रिंगच्या वरच्या बैठकीत आणि तेथून पत्र्याच्या सांध्यांत जातो. तेथून नवी कुरकुर ऐकू येऊ लागली किंवा दार पूर्वीसारखे लागेनासे झाले, तर ते दुर्लक्षिण्याजोगे नव्हे.

जादा पाटे काढून टाकणे आणि भार मात्र तेवढाच ठेवणे, हाही उपाय नव्हे. मग पाटे पूर्ण दबून आस थेट रबरी अटकावावर आदळेल. उपाय एकच, भार मर्यादेत आणणे. नोंदणी पुस्तिकेत भरलेल्या आणि रिकाम्या वाहनाचे वजन लिहिलेले असते. त्यांतील फरकातून चालक, हमाल, ताडपत्री आणि नंतर चढवलेला लोखंडी सांगाडा यांचे वजन वजा केले, की मालाला उरलेली खरी जागा कळते. महिन्यातून एकदा चासी धुऊन हँगर, रिव्हेट आणि आडव्या दुव्यांचे सांधे उजेडात पाहावेत. तांबूस रेघ, सैल झालेला बोल्ट, एका बाजूने झिजणारा टायर यांपैकी काहीही दिसले, तर निर्मात्याच्या अधिकृत कार्यशाळेचा सल्ला घ्यावा. आणि चालक काही सांगत असेल, तर ते पहिल्याच वेळी ऐकावे.

त्या पेढीने जादा पाटे उतरवले. चासीची दुरुस्ती अधिकृत कार्यशाळेत झाली. तिचा खर्च मोठा होता आणि तो सोसावा लागला. हंगामात आता खेपा वाढल्या आहेत. प्रत्येक खेपेपूर्वी गाडी वजनकाट्यावर जाते आणि काट्याची पावती चालकाच्या सहीनिशी पेढीवर लावली जाते. उत्तरेकडील व्यापारी या काट्याला धर्मकाटा म्हणतात. गुळाच्या भावात दोन रुपये सोडणे त्या पेढीला जितके जड जात नाही, तितके दोन ढेपा गाडीतून खाली उतरवणे आजही जड जाते. तरीही त्या उतरवल्या जातात.