पणजोबांची नोंद शोधायची कुठे?

बारावीचा निकाल लागला की फैजपूरच्या प्रांत कार्यालयाकडे यावल-रावेरच्या पोरांची पावले वळतात. जातीचा दाखला, मग पडताळणी. त्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांचा पुरावा लागतो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' असेल तर आणखी मागे, धर्मांतराआधीच्या पिढीपर्यंत जावे लागते. आणि २००० च्या कायद्याचे कलम ८ सांगते की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. नोंद सरकारच्या कपाटात, शोधायची मात्र आपण.

संगणक शिकलेली आपली मुले साहजिकच विचारतात, याचे ॲप का बनवू नये? नाव-गाव टाकले की वंशावळ समोर. जगात अशा वेबसाइट आहेत, पण बाहेरच्या प्रोग्रामरला तिथे फारसा थारा नाही. अँसेस्ट्रीकडे सर्वांना वापरता येईल असा एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याची सोय, नाहीच. मॉर्मन चर्चची फॅमिलीसर्च फुकट आहे, पण तिच्या खऱ्या माहितीशी ॲप जोडायचे तर आधी त्यांची मंजुरी घ्यावी लागते.

समजा मंजुरी मिळाली, तरी तिथे आपले काय आहे? फॅमिलीसर्चवर भारतातल्या तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्या आहेत. ज्या समाजाला काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रहाला बसावे लागले, त्याची नावे त्या वह्यांत किती असणार? शिवाय या साइटचा सगळा डोलारा आडनावावर उभा. वंशावळीच्या फाइलसाठी जगभर चालणाऱ्या गेडकॉम पद्धतीत आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये वेगळे लिहावे लागते. आपल्या जुन्या नोंदीत मात्र 'नामा वल्द राघो, महार' एवढेच. आडनाव पुढच्या पिढीने लावलेले, कधी तेही बदललेले.

म्हणून परदेशी दारावर फार वेळ घालवू नये, असे आमचे मत आहे. आपला खजिना इथेच आहे: कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर आणि महार वतनाची कागदपत्रे. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामी म्हणून विरोध केला, त्याच वतनाच्या दप्तरात वारसांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली सापडतात. फैजपूरकरांनी केवळ 'यावल' शोधू नये. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि १८८० च्या गॅझेटिअरमध्ये फैजपूर सावदा विभागात आहे.

सरकारला हे जमत नाही असे कोणी सांगू नये. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बसवले, कुणबी नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या. ते झाले याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच कोतवाल बुकाच्या त्याच पानावर खालच्या ओळीत महाराची नोंद असते, तिची यादी कोणी केली? आणि जे टाकले तेही बहुधा पानांचे फोटो. त्यात नाव शोधता येत नाही, प्रोग्रामला वाचता येत नाही.

तेव्हा मागणी अनुसूचित जातींच्या १९५० पूर्वीच्या नोंदींच्या सूचीची हवी. मात्र इथे आमच्यातच दोन मते आहेत, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सगळे खुले करा, असे काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते धोक्याचे वाटते. आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारणाऱ्या शहरांत नावावरून जात दाखवणारी खुली यादी म्हणजे घरमालकाच्या हातात कोलीत. परदेशी कंपन्या दारे बंद ठेवतात त्यात धंदा आहेच, पण जिवंत माणसांची माहिती जपणे हेही कारण आहे. सूचीत गाव, वर्ष, दप्तर, पान आणि नाव असावे. जातीचा रकाना नसावा. सूचीही केवळ अनुसूचित जातींची म्हणून वेगळी न काढता संपूर्ण दप्तराची असावी, म्हणजे त्यात नाव आहे यावरून काही कळणार नाही. पूर्ण पानाची प्रमाणित नक्कल वारसाने ओळख पटवून घ्यावी. एवढी सूची प्रोग्रामला वाचता येईल अशी दिली, तरी आपली मुले पुढचे काम करतील.

तोवर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून दप्तर पाहायला जाणाऱ्यांनी फोटो काढताना वरचे वर्ष, गावाचे नाव आणि पान क्रमांक फोटोत येऊ द्यावा. नुसत्या ओळीचा फोटो घेऊन परतलेल्या मुलाला नकलेसाठी पुन्हा सगळे दप्तर उलटावे लागते.