‘बंद आहे’ हे आम्ही नांदेडहून निघण्याआधी सांगा

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ,
दादासाहेब फाळके चित्रनगरी, गोरेगाव, मुंबई

विषय : कर्जतचा एन. डी. स्टुडिओ, तिथले बंद सेट आणि लांबून येणाऱ्या शाळांच्या सहली



मी नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात शिक्षक आहे. शाळेची सहल काढायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नितीन देसाई यांनी उभारलेला स्टुडिओ आपल्या महामंडळानं चालवायला घेतला, ही बातमी वाचली त्या दिवशीच आपल्याला लिहायचं ठरवलं होतं. त्या जागेवर काय बांधावं, हे सांगायला मी लिहीत नाही. मला बोलायचंय ते तिथं जे बंद असेल, किंवा पुढं कधी बंद राहील, त्याबद्दल.

आधी आमचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आठवी-नववीच्या मुलांना सिनेमाच्या एका मोठ्या उद्यानात नेलं होतं. त्या उद्यानाचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका जागेपुरती नाही. आमच्याकडे सहलीचे पैसे एकदम गोळा होत नाहीत. ‘सोयाबीन विकलं की देतो सर,’ असं म्हणणारे पालक निम्म्याहून जास्त असतात, आणि ते शब्दाला जागतात. मग संमतीपत्रं, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, एसटीचा प्रासंगिक करार. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते म्हणून आमच्यासारख्या शाळांना हे जमतं तरी. निघण्याच्या आठ दिवस आधी मी फोन करून विचारलं होतं. ‘सगळं चालू आहे,’ असं उत्तर मिळालं.

रात्रभर प्रवास करून सकाळी फाटकावर पोचलो, पूर्ण दरानं तिकिटं काढली आणि आत गेलो. राजवाड्याचा दरबार बंद. भूकंपाचा प्रसंग दाखवणारा खेळ बंद. आवारात फिरवणारी छोटी आगगाडीही बंद. तिन्हींवर एकच कागद चिकटवलेला : ‘देखभालीसाठी बंद’. किती दिवसांपासून, कधीपर्यंत, काहीच नाही. तिथल्या माणसाला विचारलं, तर ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणाला. तो चांगुलपणानंच बोलला. पण पुढच्या महिन्यात आम्ही कसे येणार? त्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तालुक्याबाहेर काढलेली ती पहिली रात्र होती. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला एखादा सेट बंद मिळाला, तर ते पुढच्या रविवारी येऊ शकतं. आमच्या मुलाचं तसं नसतं. त्याच्या वाट्याला ती जागा एकदाच येते.

त्याच दिवशी जे घडलं, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

दरबार बंद म्हणून मुलं हिरमुसून मागच्या बाजूच्या कट्ट्यावर बसली होती. नववीतला एक मुलगा उठून त्या राजवाड्याच्या पाठीमागं गेला. समोरून संगमरवरी दिसणारा खांब मागून अर्धाच होता. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर पीओपीचा थर, त्यातून बाहेर आलेला काथ्या. एका ठिकाणी कोपरा फुटला होता, तिथं साच्याची कड दिसत होती. त्यानं बोटाच्या पेरानं खांबावर टकटक केलं आणि ओरडला, ‘सर, हे तर पोकळ हाय!’ सगळे धावले. मग तो पोरगाच सांगायला लागला : काथ्या कशाला घालतात, तो नसला तर पीओपीला तडा कसा जातो, साचा सुटावा म्हणून आतून तेल कसं लावतात. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाला, ‘माझे पप्पा हैदराबादला हेच काम करतेत.’

वर्गात मी त्याला कधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्या भागातली कितीतरी माणसं हैदराबादला बांधकामावर जातात. सेंट्रिंग, गिलावा, पीओपी ही कामं आमच्या घराघरांत आहेत. आपल्या बापाचं काम आणि पडद्यावरच्या बादशहाचा महाल यांत एकाच काथ्याचं नातं आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी समजलं, आणि ते समजलं बंद सेटच्या मागं. दरबार उघडा असता तर आम्ही समोरून फोटो काढून पुढं गेलो असतो. इतक्यात रखवालदारानं येऊन आम्हाला तिथून उठवलं. त्याचं कामच ते. पण आमचं सर्वांत चांगलं शिक्षण ज्या दहा मिनिटांत झालं, ती दहा मिनिटं तिथल्या नियमाबाहेरची होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे आलेली जागा तर या कामाचीच जागा आहे. नितीन देसाई यांची ओळख नट म्हणून नव्हती. ते जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, कलादिग्दर्शनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले कलावंत होते. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ ही त्या पुरस्कारांमागची कामं. ‘लगान’चं अख्खं चंपानेर गाव त्यांनी भुजजवळ उभं केलं होतं. २००५ मध्ये कर्जतजवळ ५२ एकरांवर त्यांनी स्वतःचा स्टुडिओ सुरू केला. ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथं झाला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिका तिथं झाली, आणि पुढं लोकांनी येऊन बघावं म्हणून त्यांनी तिथंच सिनेमाचं उद्यान उघडलं. मे २०२१ मध्ये ‘जोधा अकबर’च्या सेटला आग लागली. कर्ज वाढत गेलं. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाईंचं त्याच आवारात निधन झालं. त्या सकाळी शाळेत कुणीच नीट शिकवलं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये सिनेमावर एरवी फारसं कुणी बोलत नाही, तरीही.

अशा जागेसाठी माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली अगदी साधी आहे. काय उघडं आहे आणि काय बंद आहे, याची तारखेसह यादी मराठीत लावा : फाटकावर, तिकीट खिडकीवर आणि मोबाइलवर दिसेल अशी. ती दर आठवड्याला बदला. फोन उचलणाऱ्या माणसाच्या हातात तीच यादी असू द्या. अमेरिकेत फ्लोरिडाच्या युनिव्हर्सल उद्यानातला ‘जॉज’ सिनेमावरचा खेळ २ जानेवारी २०१२ ला कायमचा बंद झाला. त्यांनी ते एक महिना आधी जाहीर केलं होतं आणि शेवटचा फेरा घ्यायला लोक मुद्दाम लांबून गेले. बंद होणार हे सांगितल्यानं माणसं तुटली नाहीत. मोठे खेळ बंद असतील त्या दिवशी तिकीटही कमी करा. निदान शाळांना तरी.

दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते. बंद सेटला कुलूप लावून मोकळे होऊ नका. सेट मुळात टिकण्यासाठी बांधलेला नसतो. तो कॅमेऱ्यापुरता, काही महिन्यांपुरता असतो. पाऊस त्याला काही वर्षांत खातो, आणि कर्जतचा पाऊस कसा असतो ते आपल्याला मी सांगायला नको. म्हणजे आपल्याकडे नेहमीच काही ना काही दुरुस्तीत असणार. मग ती दुरुस्तीच दाखवा. सुरक्षित अंतरावर दोरी बांधा आणि तिथं काम करणारा सुतार, मोल्डिंगवाला, रंगारी यांच्यापैकी एकाला अर्धा तास मुलांशी बोलू द्या, त्याचं वेगळं मानधन देऊन. फायबरचा साचा कसा काढतात, नव्या भिंतीला तीनशे वर्षांचं म्हातारपण रंगानं कसं आणतात, हे आमची मुलं डोळे न मिटता ऐकतील. जिथं आग लागली ती जागाही झाकू नका. कॅलिफोर्नियात २००८ च्या आगीत युनिव्हर्सलचा ‘किंग काँग’चा खेळ जळाला आणि २०१० मध्ये त्यांनी तो नव्या रूपात आणला. आपल्याकडे तेवढा पैसा नसेल. पण इथं काय उभं होतं, कुणी केलं होतं, कसं गेलं, एवढं सांगणारा एक फलक आणि जुने आराखडे लावायला फार खर्च येत नाही. त्या फलकावर देसाईंच्या नावाखाली त्यांच्या सुतारांची, रंगाऱ्यांची नावंही येऊ द्या. ती माणसं अजून सापडतील.

आपण म्हणाल, एवढ्या लांबून नांदेडकर कर्जतला येणार कशाला? खरं आहे. आमच्याकडून सिनेमाचं गाव बघायचं म्हटलं की बस हैदराबादला वळते. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातच होतो, वाटा अजून तिकडच्याच पायाखालच्या आहेत, आणि १९९६ पासून तिथं रामोजी फिल्म सिटी आहे. नांदेडहून कर्जत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. लातूरकरांचं त्यापेक्षा सोपं आहे. रात्रीची लातूर-मुंबई एक्सप्रेस पहाटे घाट उतरून कर्जतवरूनच जाते. त्या गाडीत झोपलेल्या लातूरच्या किती मुलांना ठाऊक असेल, की खिडकीबाहेर थोड्याच अंतरावर एका मराठी माणसानं किल्ले आणि महाल उभे केले होते?

आमच्या मुलांना सिनेमा नवा नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या तंबूत बसून त्यांच्या आजोबांनी तो पाहिलाय, आणि आता मुलं तो तळहातावर पाहतात. पण सिनेमा हे काम आहे, ते हातानं करतात, आणि ते हात आपल्या बापासारख्याच माणसांचे असतात, हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. ते दाखवायची जागा आज सरकारच्या ताब्यात आहे.

सहलीचा प्रस्ताव आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवतो आणि पालकांना रक्कम त्याच आठवड्यात कळवावी लागते. आपली यादी त्याआधी मिळाली, तर या वर्षी बस पश्चिमेकडे वळवायची माझी तयारी आहे. अर्ध्या यादीपुढं ‘बंद’ लिहिलेलं असलं तरी आम्ही येऊ. फक्त त्या बंद सेटच्या मागच्या बाजूला जायची परवानगी लेखी द्या, म्हणजे या वेळी मुलांना तिथून कुणी उठवणार नाही.

आपला,
सहलीचं काम पाहणारा एक शिक्षक
ता. लोहा, जि. नांदेड