बेल्ट आणि मानेचा पट्टा

आमच्या मामांनी बेल्ट लावला होता आणि सिग्नलला मागून टेम्पोनं ठोकलं. महिनाभर मानेला पट्टा. तेव्हापासून त्यांचं ठाम मत: "बेल्टनं आवळून धरलं म्हणून मान गेली. मोकळा असतो तर काही झालं नसतं." आता बेल्टच्या खाचेत नुसतं बक्कल खोचलेलं असतं, अलार्म गप्प बसावा म्हणून.

तक्रार अगदीच खोटी नाही. बेल्ट छाती आणि कंबर धरतो, डोकं मोकळंच. समोरून धडक बसली की साडेचार-पाच किलोंचं ते ओझं पुढे झेपावतं आणि आवरायला एकटी मान. पण बेल्ट नसलेल्याचं काय होतं? ताशी 50 किलोमीटरवरून एकदम थांबणं म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, पडणं. डोकं काचेवर किंवा पुढच्या सीटवर आपटतं आणि मागून येणाऱ्या धडाचा भार पुन्हा मानेवरच. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता; दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले.

"मान दुखते ती बेल्टवाल्यांचीच!" दुखणारच. तक्रार करायला माणूस जिवंत लागतो.

बेल्ट गळ्याला काचतो, हे मात्र खरं. 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिननं तीन टोकांचा पट्टा काढला तो भार छातीवर आणि कमरेच्या हाडांवर जावा म्हणून, गळ्यावर नव्हे. बुटक्या माणसानं खांबावरची कडी खाली सरकवावी, मुलांना बूस्टर सीट द्यावी. बगलेखालून घेतलेला बेल्ट बरगड्या मोडतो.

मामांच्या बाबतीत तर बेल्टवर निव्वळ आळ आहे. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मागे राहतं, मान उलटी वाकते. तिथे राखणदार हेडरेस्ट. नावातला 'रेस्ट' फसवा. ती उशी नव्हे, अडसर आहे. त्याची वरची कड टाळूच्या रेषेत हवी आणि डोक्यामागे फट जितकी कमी तितकी बरी. मामांचं हेडरेस्ट पार खाली, मानेच्या मध्यावर. "टेकायला बरं पडतं."

परवा मी ते तीन खाचा वर केलं आणि बक्कल खिशात टाकलं.

मामा गाडीत बसले, डोकं मागे नेऊन पाहिलं. म्हणाले, "ठीक आहे. पण बक्कल परत दे, साठ रुपये मोजलेत."