दोष ‘नॅनो’ या शब्दाचा नव्हे

नॅनोकण पेशीत शिरले की ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशीला पोखरणाऱ्या जहाल मूलकांचा भार, वाढतो, म्हणून नॅनो-औषधे घातकच, असा पूर्वपक्ष हल्ली ठासून मांडला जातो. त्यातले पहिले विधान पुष्कळ कणांबाबत खरे आहे. लोहाच्या ऑक्साइडचा कण पेशीतल्या लायसोसोम या आम्लधर्मी कप्प्यात हळूहळू विरघळतो, सुटलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडते आणि त्यातून जहाल हायड्रॉक्सिल मूलक निपजतो. या ताणापासून पेशीला वाचवणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा आटला की पेशी खचते. हे मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

डॉक्सोरुबिसिन घ्या. स्तनांच्या कर्करोगावरचे हे लाल औषध कणाविना नुसते शिरेतून दिले, तरी हृदयाच्या पेशींत सुपरऑक्साइड हा तसाच एक मूलक तयार करते; आणि ते निकामी करणारी यंत्रणा हृदयात मुळातच तोकडी. म्हणजे ताण औषधाचाच! अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळालेल्या डॉक्सिलमध्ये हेच औषध सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या पिशवीत कोंडलेले असते. हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्यांतून ही पिशवी सहज बाहेर पडत नाही. गाठीतल्या वाहिन्या मात्र गळक्या असतात. स्तनांचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ५०९ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या औषधाने ४८ जणींच्या हृदयाला इजा झाली, डॉक्सिलने १० जणींच्या. रोग रोखण्यात दोन्ही जवळपास सारखीच. इथे कणाने ताण हृदयापासून दूर नेला.

मग ‘नॅनो म्हणजे निर्धोक’ म्हणणाऱ्यांशी हातमिळवणी करायची? मुळीच नाही. त्याच चाचणीत डॉक्सिल घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास झाला. साध्या औषधात हे प्रमाण २ टक्के होते. हातात भांडेही धरवत नाही अशा बाईला ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकवू नये.

दोन्ही पक्षांचा आधार बहुधा एकच असतो: प्रयोगशाळेतल्या बशीत, ताण मोजण्यासाठी पेशी चमकवणारा रंग. काही कण स्वतःच त्या रंगाशी अभिक्रिया करतात किंवा त्याचा प्रकाश गिळतात, तेव्हा आकडा पेशीचा की कणाचा हे कळत नाही. शिवाय बशीत ना यकृत असते ना रक्तप्रवाह. प्रत्येक कणाचा निवाडा स्वतंत्रच व्हायला हवा: तो कशाचा, पृष्ठभागावर विद्युतभार कोणता, विरघळतो किती, साठतो कुठे.

संशोधकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: नुसता कण, नुसते औषध आणि दोन्ही मिळून, अशा तिन्ही नोंदी शेजारी शेजारी छापा.