समुद्रतळाचा सातबारा कोण लिहितोय?

"समुद्राच्या तळाशी काय आहे, याच्याशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध?" खोल समुद्रातल्या रोबोंचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. अ‍ॅट्रॉसिटीचे खटले पडून आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, राखीव जागांचा अनुशेष भरला जात नाही. अशा वेळी समुद्राचं काय घेऊन बसायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. जमीन, पाणी आणि जंगल यांची वाटणी झाली तेव्हा आपल्याला वेशीबाहेर उभं केलं होतं. आता समुद्रतळाची वाटणी सुरू आहे, आणि तिची कागदपत्रं रोबोच्या कॅमेऱ्यातून तयार होत आहेत.

आधी हे काम कसं चालतं ते समजून घेऊ. २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश जवळजवळ संपतो, १,००० मीटरनंतर मिट्ट काळोख. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, त्यामुळे तिथे जीपीएस निरुपयोगी. म्हणून पहिलं काम आवाजाचं. जहाजावरचा सोनार ध्वनिलहरी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळाचा उंचसखल नकाशा बनतो. पण त्या नकाशात डोंगर दिसतो, जीव दिसत नाही. जीव पाहायचा तर यंत्र खाली न्यावं लागतं. एक प्रकार केबलने जहाजाला बांधलेल्या रोबोचा. वर बसलेला माणूस त्याचा कॅमेरा आणि हात चालवतो. दुसरा प्रकार स्वयंचलित. तो आखून दिलेल्या मार्गाने तळापासून काही मीटर वरून फिरतो आणि हजारो फोटो काढतो. ते फोटो जोडले की तळाचं सलग चित्र मिळतं. त्यात स्पंज, प्रवाळ, समुद्रकाकड्या एकेक करून मोजता येतात.

असं प्रत्यक्ष पाहिलेलं किती आहे? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार खोल समुद्राच्या तळाचा फक्त ०.००१ टक्का भाग. म्हणजे सगळा मिळून साधारण गोवा राज्याएवढा. आणि या अभ्यासात नोंदलेल्या बुड्यांपैकी ९७ टक्के बुड्या अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी या पाच देशांच्या नावावर आहेत. ज्ञानाची मक्तेदारी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पोथी मूठभरांच्या हाती होती तेव्हा बहुजनांचं काय झालं, ते आपण भोगलं आहे.

आता मुद्द्यावर येतो. खोल समुद्राचा तळ म्हणजे ओसाड वाळवंट, असा समज अनेक वर्षं होता. त्याच तळावर बटाट्याएवढे बहुधातू गोळे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट आहे. तिथे काही राहतच नाही, तर गोळे उचलायला हरकत कसली? हा सोयीचा समज रोबोंच्या फोटोंनी मोडला. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात, आणि कितीतरी जीव त्यांनाच चिकटून जगतात. हवाई आणि मेक्सिको यांच्या मधल्या खनिजपट्ट्यात सापडलेल्या प्रजातींपैकी सुमारे ९० टक्के विज्ञानात अजून नोंदलेल्याच नाहीत. त्याच पट्ट्यात १९७९ मध्ये खाणकामाची एक छोटी चाचणी झाली होती. ४४ वर्षांनी, २०२३ मध्ये, शास्त्रज्ञांनी रोबो पाठवून ती जागा पुन्हा पाहिली. यंत्राच्या चाकोऱ्या तशाच होत्या. काही लहान, फिरते जीव परत येऊ लागले होते. पण तळाला चिकटून राहणारे मोठे जीव फारसे परतले नव्हते.

"तिथे कुणी राहत नाही" हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? गायरानाला 'पडीक' म्हणून कंपनीच्या घशात घालताना हेच वाक्य वापरलं जातं. भूमिहीन दलितांनी तीच जमीन पिढ्यानपिढ्या कसलेली असते, पण सातबाऱ्यावर नाव नसतं. म्हणून ते 'अतिक्रमक'. १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो याच अन्यायाविरुद्ध. जातनिहाय जनगणनेची मागणी आपण का करतो? ज्याची मोजणी नाही, त्याला धोरणात जागा नाही, म्हणून. समुद्रतळावरच्या जिवांना मोर्चा काढता येत नाही. त्यांची मोजणी हाच त्यांचा एकमेव पुरावा. आणि ही मोजणी खाण खोदायला निघालेल्यांच्याच हाती राहिली, तर निकाल आधीच ठरलेला आहे.

हे सगळं दूरदेशी चाललेलं नाही. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ हा 'मानवजातीचा सामायिक वारसा' असल्याचं संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा सांगतो. त्याच कायद्याखाली मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे बहुधातू गोळ्यांच्या शोधासाठी आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास चौथा हिस्सा. २०२१ मध्ये केंद्राने खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारं 'मत्स्य ६०००' त्यातूनच बनतं आहे. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हा स्वयंचलित रोबो आणि प्रवाळांवर नजर ठेवणारा 'सी-बॉट' बनवला. या शास्त्रज्ञांचं काम मोलाचं आहे, यात शंका नाही.

प्रश्न पुढचा आहे. भारताच्या स्वतःच्या सागरी हद्दीतल्या खनिजांसाठीचा कायदा २०२३ मध्ये बदलला आणि खाजगी कंपन्यांना लिलावाची वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ गट लिलावाला काढले. त्यात ग्रेट निकोबारजवळचे बहुधातू गट होते, तशी केरळच्या कोल्लमजवळची वाळूही होती. कोल्लमचा तो पट्टा म्हणजे मासेमारीचं समृद्ध क्षेत्र. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळच्या मच्छीमारांनी याविरुद्ध संप केला. समुद्राचा तळ ज्यांना जाळ्याच्या ओढीवरून कळतो, त्यांनाच वगळून लिलाव! उद्या ही पाळी कोकणातल्या कोळी-गाबितांवर येणार नाही, याची हमी कोण देतो?

आपल्यातले काही मित्र म्हणतील, मग हे रोबोच नकोत. हा रस्ता आपला नाही. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. दोष यंत्राचा नसतो, यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा असतो, हा त्यांचा युक्तिवाद. तो आज डोळ्यांसमोर आहे. २०२१ मध्ये भारतीय अभियंत्यांनी ५,२७० मीटर खोल तळावर यंत्र चालवून दाखवलं. मॅनहोल साफ करणारे रोबोही देशातच बनतात. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणूस उतरतो आणि मरतो, आणि त्याची जात बहुतेक वेळा ठरलेली असते. कमतरता तंत्रज्ञानाची नाही. यंत्र कुणासाठी पाठवायचं, हे ठरवणाऱ्यांच्या डोक्यात जात आहे. म्हणून रोबोला विरोध न करता, त्याला आदेश देणाऱ्या खुर्चीवर दावा सांगायचा.

त्यासाठी तीन मागण्या.

एक, जनतेच्या पैशातून काढलेले समुद्रतळाचे फोटो आणि नकाशे जनतेला खुले करा, आणि भारतीय भाषांत समजावून सांगा. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटरवर आंग्रिया बँक हा प्रवाळांचा बुडालेला पठारी भाग आहे. त्याचं चित्र देवगडच्या शाळेतल्या मुलीला का दिसू नये?

दोन, अधिवासाचं पूर्ण चित्र हाती आल्याशिवाय आणि मच्छीमारांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय एकाही गटाचा लिलाव नको. खोल समुद्रातलं खाणकाम तूर्त थांबवा, असं तीसहून अधिक देश म्हणत आहेत. भारत त्यांत नाही. का नाही, हे सरकारने सांगावं.

तीन, या क्षेत्रात आपली माणसं हवीत. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, चेन्नईची महासागर तंत्रज्ञान संस्था इथे अनुसूचित जाती-जमातींचे शास्त्रज्ञ किती, रोस्टरप्रमाणे किती जागा रिकाम्या, याचे माहिती अधिकाराचे अर्ज टाका. 'शिका' म्हणजे फक्त स्पर्धा परीक्षा नव्हे. सागरी जीवशास्त्र, रोबोटिक्स, प्रतिमा-विश्लेषण यांतही उतरा. फोटोंतले जीव आता संगणक ओळखू लागला आहे, पण त्याला जे शिकवलं तेवढंच तो ओळखतो. काय शिकवायचं ते माणूस ठरवतो. तो माणूस आपल्यातलाही असला पाहिजे.

महाडला बाबासाहेबांनी जे तळं खुलं केलं, त्याचं पाणी सर्वांचं होतं. फक्त आपल्याला तिथे मज्जाव होता. समुद्रतळही कागदोपत्री सर्वांचाच आहे. तो मूठभरांच्या नावावर चढण्याआधी आपण तिथे पोहोचायला हवं.

जय भीम!